पावकी, पंचेचाळीस आणि आपली मुलं



परदेशातल्या मराठी पालकांच्या कुठल्याही ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न हमखास येतो. "मुलांना पाढे मराठीतून शिकवायचे की इंग्रजीतून?" मग लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आमच्या आजोबांनी तीसपर्यंत पाढे आणि वर पावकी-दिडकी तोंडपाठ केली होती, म्हणून त्यांना कॅल्क्युलेटर लागला नाही. दुसरा म्हणतो, घोकंपट्टीने कुणाचं भलं झालंय? कमेंटवर कमेंट पडतात आणि ज्या बिचाऱ्या आईने प्रश्न विचारलेला असतो ती होती तिथेच राहते.

मी पेशाने सीए. इंग्लंडमध्ये राहते, घरात प्राथमिक शाळेतलं मूल आहे, त्यामुळे हा प्रश्न माझाही आहे. माझ्या धंद्यात एक सवय लागते. वहीत एखादी नोंद विचित्र दिसली तर ती चूक की बरोबर हे ठरवण्याआधी ती मुळात कशासाठी केली होती ते शोधायचं. पाढ्यांचंही मी तेच केलं. जे हाती लागलं ते आज जरा लांबण लावून सांगते. चहा घेऊन बसा.

आधी पाढे म्हणजे काय होतं ते बघू. दोनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात सरकारी शाळा नव्हत्या. गावात पंतोजींची शाळा असायची, बहुतेक वेळा कुणाच्या ओसरीवर किंवा देवळात. मुलं धुळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर, बोटाने किंवा काडीने अक्षरं आणि अंक गिरवायची. संध्याकाळी परवचा. एका मोठ्या मुलाने पुढे सांगायचं, बाकीच्यांनी मागून एका सुरात म्हणायचं. नेहमीचे पाढे झाले की अपूर्णांकांचे पाढे. पावकी म्हणजे पाव पट, निमकी अर्धा पट, पाऊणकी पाऊण पट. मग सवायकी सव्वा पट, दिडकी दीड पट, अडीचकी अडीच पट आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीन पट.

आज हे ऐकून वाटतं, लहान मुलांच्या डोक्यावर एवढं ओझं कशाला? पण त्या काळचा बाजार बघा. एका रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. शेराचे चार पावशेर आणि सोळा छटाक. चाळीस शेरांचा मण. सगळं चाराच्या आणि सोळाच्या पटीत. अशा जगात तुम्ही कशाचंही निम्मं करा, पुन्हा निम्मं करा, आकडा गोल राहतो. आणि भावही तसेच असायचे: शेराला अडीच आणे, वाराला सव्वा रुपया.

समजा शेराला अडीच आणे भाव आहे आणि सात शेर घ्यायचेत. अडीचकी पाठ असलेला मुलगा सातव्या घराला जातो, साडेसतरा. सोळा आण्यांचा रुपया काढला, उरला दीड आणा. उत्तर, एक रुपया दीड आणा. कागद नाही, पेन्सिल नाही, दुकानदाराने तराजू खाली ठेवायच्या आत हिशेब तयार. आता हेच दशांश चिन्ह वापरून करून बघा म्हणजे त्या पाढ्याची किंमत कळेल. अडीचकी हा त्या काळचा रेडी रेकनर होता, फक्त तो खिशात नसून डोक्यात असायचा.

आणि ही सोळाची वहिवाट काही ब्रिटिशांनी आणलेली नाही. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० सालची. चाळीसगावजवळच्या पाटण गावी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आजही आहे. तर या 'लीलावती'ची सुरुवात कशाने होते? मंगलाचरण झालं की लगेच नाण्यांचं कोष्टक. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. मग वजनं, मग लांबीची मापं. बेरीज-वजाबाकी त्याच्या नंतर. सीए म्हणून मला हे वाचून फार आनंद झाला. आपल्या परंपरेतलं सगळ्यात गाजलेलं गणिताचं पुस्तक आधी सांगतं की मोजायचं काय आहे, आणि मग सांगतं कसं मोजायचं.

ही झाली जमेची बाजू. ताळेबंद मांडायचा तर दुसरी बाजूही लिहायला हवी.

पेशवाई १८१८ साली संपली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या काळात इथल्या शाळांची माहिती गोळा केली गेली. त्यांच्या कौन्सिलातल्या प्रेंडरगास्ट नावाच्या अधिकाऱ्याने १८२१ साली लिहून ठेवलं की शाळा नाही असं गाव इकडे क्वचितच असेल, आणि साधा शेतकरी किंवा छोटा दुकानदारही आपला हिशेब अचूक ठेवतो, विलायतेतल्या गरीब वर्गापेक्षा सरस. हे वाक्य अभिमानाने फॉरवर्ड केलं जातं. पण पुढे काही अभ्यासकांनी हे वर्णन फुगवलेलं आहे असंही म्हटलं. फुगवलेलं का वाटावं, हे कळायला १८७५ साल बघावं लागतं.

त्या वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. रोखे मागून घ्यायचे आणि जाळायचे. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, ज्यातलं व्याज आपल्याला मांडता येत नाही, त्याच्याशी भांडायचा त्यांना सापडलेला तो एक मार्ग होता. हिशेब येणं म्हणजे परीक्षेत मार्क मिळणं एवढंच नसतं. आपल्या नावापुढे कुणी काय लिहिलंय ते आपल्याला कळणं, हे त्याचं मूळ काम आहे.

पंतोजींच्या शाळेत बहुतांशी ब्राह्मण आणि वाणी-उदमी घरांतली मुलं असायची. ज्यांना अस्पृश्य मानलं जायचं त्यांना ओसरीवर जागा नव्हती. मुली तर नाहीतच. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांना काय सोसावं लागलं ते तुम्हाला माहीत आहे. आज माझ्यासारखी बाई दुसऱ्यांचे ताळेबंद तपासून सही करते, यात त्या ओसरीचा वाटा कमी आहे आणि त्या वाड्याचा जास्त. म्हणून "पूर्वीचं ते सगळं सोनं" असं म्हणताना मी जरा थांबते. पाढे चांगलेच होते. ते कुणाला मिळायचे, हा वेगळा हिशेब आहे. शिवाय पाढा चुकला की छडी, अंगठे धरून उभं राहणं. किती मुलांनी त्या भीतीने गणिताचा नाद कायमचा सोडला असेल, त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आता एक गंमत. त्याच सुमारास आपली धुळपाटी समुद्र ओलांडून गेली. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासजवळ एका अनाथाश्रमाची शाळा चालवत होता. मलबारी मुलांच्या शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली. त्याने ती पद्धत उचलली, आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं असं ठरवलं. १७९७ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं, आणि १८११ मध्ये निघालेल्या नॅशनल सोसायटीच्या शाळांमधून ही 'मद्रास पद्धत' इंग्लंडभर गेली. म्हणजे इंग्लंडच्या गरीब मुलांना लिहाय-मोजायला शिकवण्यात आपल्याकडच्या ओसरीवरच्या शाळांचाही हात आहे. मुलांना हे जरूर सांगा.

पण माझा मुद्दा पुढे आहे. ज्या बाजारासाठी हे पाढे बनले, तो बाजारच गेला.

१ एप्रिल १९५७ ला भारतात दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नवे पैसे. सोळा आण्यांना शंभरने भाग जाईना. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वासहाचं नाणं कुठून आणायचं? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असा मेळ घातला गेला. तुमच्या घरात त्या काळात शाळेत असलेलं कुणी असेल तर विचारा, ही तारांबळ त्यांना अजून आठवत असेल. पाठोपाठ शेर-मण गेले, किलो-ग्रॅम आले. अडीचकी आणि औटकीचं रोजचं काम एका पिढीत संपलं. पुस्तकात त्या काही वर्षं टिकल्या, मग गळल्या.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. ब्रिटनमध्ये बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड होता. १५ फेब्रुवारी १९७१ ला तो गेला. पण इंग्लंडमधली चौथीची, म्हणजे इयर फोरची, मुलं आजही बारा बारे एकशे चव्वेचाळीसपर्यंत पाढे शिकतात आणि त्यावर सरकारी चाचणी असते. संगणकावर पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. दहावर का थांबत नाहीत? शिलिंग गेला, पण त्याचा बाराचा पाढा मागे राहिला, असं मला तरी दिसतं. अमेरिकेत डॉलर पहिल्यापासून, १७९२ च्या कायद्यापासून, दशमान. पण तिथे इंच-फूट आहेत, आणि स्वयंपाकघरात पाव कप, अर्धा कप, पाऊण कप. आखातात तर १९६० च्या दशकापर्यंत आपलाच रुपया चालायचा. ओमानच्या रियालचे हजार बैसा होतात, आणि तो बैसा म्हणजे आपला पैसाच.

म्हणजे कुठल्याही देशाचा पाढा हा त्या देशाच्या जुन्या बाजाराचा ठसा असतो. त्याला पवित्र मानायचं कारण नाही, आणि तो टाकाऊ आहे असंही नाही. तो हत्यार आहे. हत्याराबद्दल एकच प्रश्न विचारायचा: आज कशाला उपयोगी पडतं?

इथपर्यंत पाढ्यांचं झालं. आता त्याहून अवघड गोष्ट, संख्यांची नावं. आपल्या मुलांची खरी ठेच मला इथे लागलेली दिसते.

आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. ताळा जुळत नसेल तर फरकाला नऊने भाग जातो का ते बघायचं. गेला, तर कुणीतरी लिहिताना दोन अंक उलटे केले असण्याची दाट शक्यता. ४५ च्या जागी ५४ लिहिलं की फरक नऊ. ७२ च्या जागी २७, फरक पंचेचाळीस, म्हणजे नवा पाचे. आर्टिकलशिपच्या दिवसांत मी पाहिलंय, एक जण मोठ्याने आकडे सांगतो आणि दुसरा लिहितो, तेव्हा हे जास्त होतं. शिकलेली, पगारी, मोठी माणसं हे करतात.

का होतं? कारण आपण 'पंचेचाळीस' म्हणताना आधी पाच उच्चारतो आणि लिहिताना आधी चार लिहितो. कान एकीकडे, हात दुसरीकडे. मग सहा वर्षांच्या मुलाने पंचेचाळीस ऐकून ५४ लिहिलं तर त्याला गणित येत नाही असं म्हणायचं का? त्याने जे ऐकलं ते इमानदारीत उतरवलं.

आणि मराठीत एवढंच नाही. तीन बघा कसा वेष बदलतो. तेरा, तेवीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी. यात 'तीन' कुठेच ऐकू येत नाही. एकोणतीसमध्ये 'एक उणे तीस' अशी वजाबाकी दडलेली आहे. एकोणऐंशी, एकोणनव्वदपर्यंत ती पद्धत चालते आणि नव्व्याण्णवला अचानक मोडते. शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं पाठ करावं लागतं. आपण ते कधी केलं ते आपल्याला आठवत नाही, कारण आजूबाजूला सगळे तेच बोलत होते. दुकानात, बसमध्ये, घरात, हजार वेळा कानावर पडलं. आपल्या मुलांना ते आठवड्यातून दोन तास मिळतं.

याच अडचणीवर २०१९ साली महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आठवतंय? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीने 'वीस सात' असं वाचनही दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. विधानसभेत मुद्दा गाजला, टीव्हीवर चर्चा झडल्या, विनोद तर विचारू नका. मराठी संपवायचा डाव, असंही म्हणून झालं. नारळीकरबाईंचं म्हणणं साधं होतं. जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिली आहेत. मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची भीती वाटते, ती कमी व्हावी. दक्षिणेतल्या भाषांत आधी दशक आणि मग एकक असंच म्हणतात. आणि ते खरंच आहे, कन्नडमध्ये एकवीस म्हणजे 'वीस-एक', तमिळ आणि तेलुगूतही तसंच.

या बाईंबद्दल थोडं सांगायला हवं. नवरा जयंत नारळीकर म्हणून अनेकांना त्या माहीत, पण त्या स्वतः गणितज्ञ. लग्नानंतर काही वर्षं केंब्रिजमध्ये राहिल्या, तिथे शिकवलं. म्हणजे त्याही कधी काळी आपल्यासारख्याच परदेशातल्या मराठी गृहिणी होत्या. १९७२ मध्ये भारतात परतल्या, मुली वाढवत असतानाच पीएचडी पुरी केली, ती १९८१ मध्ये. 'गणितगप्पा' हे मुलांसाठीचं पुस्तक त्यांचंच. २०२३ मध्ये त्या गेल्या. मुलाला गणिताची भीती का वाटते, याचा विचार त्यांनी गणितज्ञ म्हणून आणि आई म्हणूनही केला होता. त्यांच्याशी असहमत व्हायला काहीच हरकत नाही, पण टिंगल करण्याआधी हे माहीत असावं.

आणि असा बदल करणारा महाराष्ट्र काही पहिला नाही. नॉर्वेत पूर्वी आपल्यासारखंच 'पाच-आणि-चाळीस' म्हणायचे. टेलिफोनचे नंबर सांगताना घोटाळे व्हायचे, म्हणून टेलिफोन खात्यानेच मागणी केली आणि तिथल्या संसदेने ठराव केला. १ जुलै १९५१ पासून शाळेत, रेडिओवर, सरकारी कामात 'चाळीस-पाच' सुरू झालं. आज पाऊणशे वर्षं होत आली, तरी कितीतरी घरांत जुनी पद्धत ऐकू येते. नॉर्वेची भाषा मेली नाही, आणि जुनी मोजणीही पूर्णपणे मेली नाही. वेल्समध्ये बघा. वेल्श भाषेत पारंपरिक मोजणीत अठरा म्हणजे 'दोन नऊ' आणि सोळा म्हणजे 'पंधरावर एक'. आज वेल्श माध्यमाच्या शाळेत मुलं सोळाला सरळ 'एक दहा सहा' म्हणतात, आणि घड्याळाची वेळ सांगायला जुनी नावंही शिकतात. इंग्रजीच्या शेजारी राहून टिकाव धरायचा होता त्या भाषेला. तिने मुलांची वाट सोपी केली आणि जुनी वाटही बुजवली नाही.

तुम्ही ज्या देशात आहात तिथली भाषाही एकदा या नजरेने बघा. इंग्रजीत वीसच्या पुढे सरळ आहे, पण फोर्टीन, सिक्स्टीनमध्ये आधी चार, सहा येतात, म्हणून पहिलीतली इंग्रज मुलंही चौदा ऐकून ४१ लिहितात. मॉरिशसमधल्या मुलांच्या कानावर फ्रेंच असते, तिथे ऐंशी म्हणजे 'चार वीस'. आपल्याकडेही खेड्यात जुनी माणसं विसांनी मोजायची, तोच प्रकार. आखातात अरबी शिकणाऱ्या मुलांना एकवीस म्हणजे 'एक-आणि-वीस', अगदी मराठीसारखं. इस्रायलमध्ये हिब्रूत 'वीस-आणि-एक', म्हणजे उलट. आपलं मूल एकाच डोक्यात दोन-दोन, तीन-तीन क्रम सांभाळतंय. ते अडखळलं तर त्यात नवल नाही.

आता मूळ प्रश्न. मग घरी करायचं काय? मी काही शिक्षिका नाही, पण इतिहासातून मला जे उचलावंसं वाटलं ते सांगते.

एक. मूल चुकलं की आधी शोधा, चूक कुठे आहे. संख्या कळलेली नाही, नाव कळलेलं नाही, की लिहिण्यात उलट झालं? पंचेचाळीस म्हटल्यावर ५४ लिहिणाऱ्या मुलासमोर डाळीचे दाणे ठेवा, दहा-दहाच्या चार ढिगल्या आणि वर पाच. त्याने ते बरोबर केलं तर त्याचं गणित शाबूत आहे, फक्त नाव अडलंय. या दोन गोष्टींची गल्लत झाली की मूल स्वतःबद्दल एक निकाल लावून टाकतं, "मला गणित येत नाही." हा निकाल सात-आठव्या वर्षी लागतो आणि पुढे पुसायला फार जड जातो.

दोन. 'चाळीस-पाच' हा जिना म्हणून वापरा. आधी चाळीस-पाच, मग "याचं लाडकं नाव पंचेचाळीस". जिना चढून झाला की तो काढून घेता येतो. पंचेचाळीस सोडू नका. आजीशी फोनवर बोलताना, गावच्या बाजारात भाव विचारताना तेच लागणार आहे.

तीन. पाढे हवेतच. सात आठे किती हे दर वेळी बोटांवर मोजावं लागलं तर पुढचा भागाकार, अपूर्णांक करायला डोक्यात जागाच उरत नाही. पण वेगासाठी एकच भाषा निवडा, आणि माझ्या मते ती शाळेची. सहा सेकंदांत मराठीतून आठवून इंग्रजीत उत्तर द्यायला लावणं हा त्या जिवावर अन्याय आहे. मराठी पाढे परवचा म्हणून म्हणा, गाडीत, झोपताना, सुरात, बिनपरीक्षेचे. हातात घड्याळ धरून नको.

चार, आणि हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पावकी, निमकी, पाऊणकी परत आणा. औटकी जाऊ द्या, तिचा बाजार उठला. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या भाषेत रोजचे आहेत. दीड आणि अडीचला स्वतंत्र नाव इंग्रजीत नाही. आपल्याकडे शाळेत न गेलेली बाईही सव्वा वाटी आणि पाऊण वाटी यात कधी चूक करत नाही. अपूर्णांक हा प्राथमिक शाळेतला सगळ्यात घाबरवणारा धडा, आणि तो शिरा करताना निम्मा शिकवून होतो. मापाचे कप काढा. पाव कप किती वेळा घातला की दीड कप होतो? हीच पावकी. घड्याळ दाखवा. पावणेचार म्हणजे चाराला पाव कमी. अमेरिकेत असाल तर क्वार्टरचं नाणं हातात द्या आणि त्याला पावली म्हणा, मूल हसेल आणि विसरणार नाही. आजोबांना फोन लावून विचारायला सांगा, "बारा आणे म्हणजे किती पैसे?" पंचाहत्तर. म्हणजे पाऊण रुपया. नातवाला अपूर्णांक मिळाला, आजोबांना श्रोता.

पाच. मुलगी असेल तर तिला घरचा हिशेब दाखवा. विजेचं बिल, गहाणाचं व्याज, किराण्याची पावती. मुलालाही दाखवा अर्थात. पण सुप्याच्या रोख्यांची आणि भिडेवाड्याची गोष्ट ऐकल्यावर मला वाटतं, आकडे वाचता येण्याचा हक्क ज्यांना सगळ्यात उशिरा मिळाला त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं.

राहिला भाषेचा प्रश्न. मराठी आकडे गेले तर मराठी जाईल का? मला तसं वाटत नाही. पण आकडे शिकवताना मुलाला रडवलं, तर मात्र ते मराठीपासूनही दूर जाईल आणि गणितापासूनही. आपल्या पूर्वजांनी हे पाढे बनवले ते रोजचा व्यवहार सोपा व्हावा म्हणून. तो हेतू सांभाळला, तर पाढा कुठल्या भाषेतला हे आपण घरोघरी आपापलं ठरवू शकतो.

तुमच्या घरात कुणाला अजून पावकी, दिडकी किंवा औटकी पाठ येत असेल तर त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, आणि त्यांच्या गावी ती कशी म्हणायचे ते कमेंटमध्ये लिहा. चाली गावोगावी वेगळ्या आहेत. आणि तुमची मुलं कुठल्या आकड्याला अडखळतात, तेही सांगा. आमच्याकडे अजून एकोणसाठ आणि एकोणसत्तरची मारामारी चालू आहे.